ओढणे आणि पेलणे : मोटारीमागच्या घराचा भार कोणी वाहायचा?

(१)
१९४७ साली टिपलेले एक छायाचित्र अमेरिकेच्या प्रवासेतिहासात अजरामर झाले आहे. आल्फ्रेड लेतूर्नेर हा फ्रेंच सायकलपटू सायकलीवर बसला आहे आणि त्याच्या मागे ॲल्युमिनियमचे चकचकीत, चाकांवरचे एक अख्खे घर जोडलेले आहे. ते घर एअरस्ट्रीम कंपनीचे. आमचा ट्रेलर इतका हलका आहे की एकटा माणूसही तो ओढू शकतो, हे कंपनीला सांगायचे होते. पुढे हेच चित्र त्या कंपनीची ओळख बनले.

(२)
छायाचित्राने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धीच होती. चाकांवरची वस्तू सपाट रस्त्यावर ओढणे तितकेसे अवघड नसते. अवघड असते ते तिच्या पुढच्या टोकाचा भार पेलणे. ट्रॅव्हल ट्रेलरच्या इतिहासात ओढण्याचा प्रश्न इंजिनांनी लवकरच सोडवला. पेलण्याचा प्रश्न मात्र अनेक दशके छळत राहिला. त्यावर निघालेल्या एका लोखंडी जोडणीची, आणि तिच्याविषयीच्या एका दीर्घ गैरसमजाची ही कथा.

(३)
आरंभ पहिल्या महायुद्धानंतरचा. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने मोटार सामान्य अमेरिकी कुटुंबाच्या आवाक्यात आणली होती. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा शहरात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही हौशी प्रवाशांची संघटना स्थापन झाली. मोटारीला तंबू बांधायचा, डबाबंद अन्न खायचे आणि मिळेल त्या मोकळ्या जागी मुक्काम करायचा, असा त्यांचा शिरस्ता. तंबूची जागा हळूहळू मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घरगुती बनावटीच्या पेट्यांनी घेतली.

(४)
१९२९ साली डेट्रॉइटचे जीवाणुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन यांनी आपल्या कुटुंबासाठी असाच एक पेटीवजा ट्रेलर तयार करून घेतला. ‘कव्हर्ड वॅगन’ हे त्याचे नाव. पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांच्या छपरी गाड्यांची आठवण त्यात होती. लोकांची विचारपूस इतकी वाढली की शर्मन यांनी तोच व्यवसाय केला. १९३०च्या दशकाच्या मध्यास त्यांची कंपनी देशातील सर्वांत मोठ्या ट्रेलर-उत्पादकांत गणली जाऊ लागली.

(५)
१९३६ साली वॉली बायम यांचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ आला. त्याच सुमारास प्रसिद्ध अर्थभाष्यकार रॉजर बॅब्सन यांनी भाकीत केले की वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवरच्या घरांत राहू लागेल. भाकीत फसले, पण त्यातून त्या काळाचा ज्वर कळतो. महामंदीने घरे हिरावली होती आणि रस्ते मात्र वाढत होते. अशा वेळी मोटारीमागचे घर काहींची चैन होते, तर काहींचा निवारा.

(६)
हे घर मोटारीला जोडायचे कसे? बहुतेकांचे उत्तर साधे होते: मोटारीच्या पाठीमागे, बंपरला किंवा खालच्या चौकटीला एक गोळा बसवायचा आणि ट्रेलरची पुढची दांडी त्यावर अडकवायची. जोडणी स्वस्त होती, क्षणात बसे आणि वळणावर सहज फिरे. संकटाचे मूळ होते ते गोळ्याच्या जागेत.

(७)
ते मूळ समजायला बैलगाडी पुरेशी आहे. दोन चाकांच्या गाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळते, म्हणजे तिचे पुढचे टोक वर उठते आणि जुवाची दोरी बैलांच्या गळ्याला काचते. ओझे फार पुढे आले तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान ओझे असे लावतो की जुवावर थोडासा भार राहील. फार नाही आणि शून्यही नाही. एका आसाच्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो.

(८)
मात्र मोटारीचा वेग हा नियम अधिक कठोर करतो. ट्रेलरचा गुरुत्वमध्य चाकांच्या मागे गेला, तर वाऱ्याच्या एका झोताने किंवा चुकवलेल्या खड्ड्याने सुरू झालेला हेलकावा विरण्याऐवजी वाढत जातो. मागचे घर पुढच्या मोटारीला शेपटीसारखे झुलवू लागते आणि शेवटी दोन्ही वाहने एकमेकांवर दुमडतात. त्यामुळे अमेरिकेत एक दंडक रूढ झाला: ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग पुढच्या दांडीवर असावा.

(९)
येथेच पेच सुरू होतो. ट्रेलर स्थिर राहावा म्हणून दांडीवर भार हवा. पण तो भार मोटारीच्या अगदी मागच्या टोकावर, मागच्या चाकांच्याही पलीकडे पडतो. सी-सॉ डोळ्यांसमोर आणावा. मागचा आस हा त्याचा टेकू. टेकूमागे वजन ठेवले की पुढची बाजू वर उचलली जाणार. म्हणजे जो भार ट्रेलरला सावरतो, तोच मोटारीला बिघडवतो.

(१०)
आकड्यांत पाहू. उदाहरणादाखल ट्रेलर २,४०० किलोंचा आणि दांडीवरील भार ३०० किलो धरू. मोटारीच्या दोन आसांतील अंतर ३ मीटर, तर गोळा मागच्या आसापासून १.२ मीटर मागे. तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरील १२० किलो वजन उतरते आणि मागच्या आसावर ४२० किलो वाढतात. ठेवले ३०० किलो, पण मागच्या चाकांनी पेलले ४२०! वरचे १२० किलो पुढच्या चाकांकडून उचलून आणलेले असतात.

(११)
याचा अर्थ चालकाला पहिल्याच वळणावर कळे. पुढच्या चाकांवरील वजन घटल्याने सुकाणू हलके आणि सैल लागे. ब्रेक लावताना सर्वाधिक काम ज्या चाकांनी करायचे, त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी झालेली असे. मागचे टायर आणि स्प्रिंगा दबून जात. रात्री तर मोटारीचे नाक वर गेल्याने दिव्यांचा झोत रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरे. आणि त्या मोटारीत बहुधा एक संपूर्ण कुटुंब बसलेले असे.

(१२)
या पेचावरचे पहिले सुंदर उत्तर एका विमानकर्त्याकडून आले. अमेरिकी विमानविद्येचे एक अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉरिडातील ओपा-लोका येथे ‘एअरोकार’ नावाचे ट्रेलर बनवायला घेतले. त्यांची जोडणी मोटारीच्या पाठीमागे नव्हती. ती मागच्या आसाच्या वर, मोटारीच्या अंगातच बसवलेली होती. धक्के शोषण्यासाठी तिथे हवेचा एक टायर आडवा ठेवलेला असे.

(१३)
कर्टिस यांनी सी-सॉच मोडून टाकला. भार टेकूवरच ठेवला तर पुढची बाजू उचलली जाण्याचे कारण उरत नाही. मोठ्या मालवाहू ट्रेलरांची ‘फिफ्थ व्हील’ जोडणीही याच तत्त्वावर चालते. पण त्यासाठी मोटारीच्या मागच्या भागाचा बळी द्यावा लागे. घरातली एकुलती मोटार आठवडाभर कामावर न्यायची आणि रविवारी तिलाच ट्रेलर जोडायचा, अशा कुटुंबाला ते परवडणारे नव्हते. १९३० साली कर्टिस यांचे निधन झाले. सामान्य प्रवासी मागच्या गोळ्याकडेच राहिला.

(१४)
मग लोकांनी मागच्या स्प्रिंगा अधिक कडक केल्या, जादा पाती घातली, पुढे हवेच्या फुग्यांचा आधार दिला. मोटारीची दबलेली पाठ वर आली आणि प्रश्न सुटल्यासारखे वाटले. वस्तुतः तो झाकला गेला होता. स्प्रिंग कडक केल्याने मोटारीची उंची बदलते. आसांवरील वजनाची वाटणी जवळजवळ तशीच राहते. पुढच्या चाकांवरून उतरलेले १२० किलो परत येत नाहीत. मोटार सरळ दिसते, पण तिचे सुकाणू हलकेच राहते.

(१५)
दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्न अधिक तीव्र झाला. अमेरिकी मोटारी लांब, बुटक्या आणि मऊ स्प्रिंगांच्या होत गेल्या. मागच्या चाकांपलीकडे त्यांची शेपटी लांबच लांब पसरू लागली, म्हणजे तरफेचा दांडा वाढला. ट्रेलरही मोठे झाले. १९५४ सालच्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या विनोदी चित्रपटात ल्यूसील बॉल आणि देसी अर्नाझ यांच्या नवदांपत्याची मोटारीमागच्या प्रचंड घराने उडवलेली त्रेधा पाहून प्रेक्षक हसले. कित्येकांना तो अनुभव घरचाच होता. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि वेगही वाढला.

(१६)
याच युद्धोत्तर काळात ‘वेट डिस्ट्रिब्यूशन हिच’, म्हणजेच वजन वाटून देणारी जोडणी, प्रचारात आली. रीस, ईझ-लिफ्ट ही तिच्या निर्मात्यांची नावे ट्रेलरधारकांच्या तोंडी बसली. गोळा तिथेच राहिला. पण त्याच्या खालून दोन मजबूत पोलादी स्प्रिंग-दांडे निघून ट्रेलरच्या दांडीखाली मागे जाऊ लागले. त्यांची मागची टोके साखळ्यांनी वर ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवली जात.

(१७)
त्याने काय साधे? मोटारीच्या मागच्या टोकाला दोन लांब दांडे घट्ट बसवले आहेत आणि दोन धट्टेकट्टे गडी त्यांची मागची टोके वर उचलून धरत आहेत, अशी कल्पना करावी. मोटारीची पाठ वर येईल आणि नाक खाली जाईल. जोडणीत हे काम ताणलेल्या साखळ्या करतात. मात्र त्या गड्यांचे पाय कुठेतरी टेकलेले हवेत. ते टेकतात ट्रेलरवर. म्हणून जेवढे बळ मोटारीची पाठ उचलते, तेवढेच ट्रेलरच्या चौकटीला खाली दाबते आणि त्यातला काही भार ट्रेलरच्या चाकांवर जातो.

(१८)
वरच्याच उदाहरणात ट्रेलरची चाके गोळ्यापासून ५ मीटर मागे आहेत असे मानू. पुढच्या आसाचे सर्व १२० किलो परत येतील इतके दांडे ताणले, तर मागच्या आसावरील वाढ ४२० वरून सुमारे २४२ किलोंवर येते आणि ट्रेलरच्या आसावर सुमारे ५८ किलो वाढतात. २४२ आणि ५८ मिळून पुन्हा ३००च. एक किलोही नाहीसा झालेला नाही. नावाप्रमाणे या जोडणीने वजन केवळ वाटले.

(१९)
या वाटपाची किंमत लोखंडाला मोजावी लागते. दांडे पाऊण मीटर लांबीचे धरले, तर वरील परिणामासाठी प्रत्येक दांड्याच्या टोकाशी जवळजवळ १९४ किलोंचा ताण हवा. दोन्ही दांड्यांचा मिळून हा ताण गोळ्यावरील दाबात भर घालतो. त्यामुळे मोटारीला ३०० किलोंहून कमी भार जाणवत असला, तरी खुद्द गोळ्यावर ६०० किलोंहून अधिक दाब असतो. खोलगट रस्त्यावर दांडे आणखी ताणले जातात आणि उंचवट्यावर सैल पडतात. जोडणी, बंपर आणि चौकट यांचा कस येथेच लागतो.

(२०)
आता त्या गैरसमजाकडे वळू. या जोडणीला पूर्वी ‘इक्वलायझिंग’, म्हणजे समान करणारी, असेही म्हणत. नावाने एक अपेक्षा रुजवली: भार सर्वत्र समान झाला पाहिजे. मोटार पुढे-मागे सारखीच दबावी, असा सल्ला दिला जाई. दांडीचा भार पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचा आस यांत तिहाई-तिहाई वाटावा, हा दंडकही त्यातलाच. आपल्या उदाहरणात त्यासाठी प्रत्येक दांड्याचा ताण १९४ वरून ३५० किलोंपर्यंत न्यावा लागतो. मग पुढे सुमारे ९७, मागे ९८ आणि ट्रेलरवर १०५ किलो येतात. कागदावर हा न्याय मोहक दिसतो.

(२१)
रस्त्यावर मात्र तो फसवा ठरू शकतो. वळण घेताना ट्रेलर मोटारीला बाजूने ढकलतो आणि तो धक्का गोळ्यापाशी, मागच्या चाकांच्याही मागे बसतो. तो झेलायचा असतो मुख्यतः मागच्या टायरांनी. टायरची बाजूची पकड त्याच्यावरील वजनावर अवलंबून असते. दांडे जरुरीपेक्षा अधिक ताणले की मागच्या टायरांवरील वजन घटते, पण धक्का तेवढाच राहतो. पुढच्या टायरांची पकड तेवढी वाढलेली असते. परिणामी अडचणीच्या क्षणी मोटारीची पाठ घसरून फिरण्याची शक्यता वाढते.

(२२)
१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी मोटार अभियंते हे चाचण्यांद्वारे तपासू लागले. निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जाणारा होता: अधिक वाटप म्हणजे अधिक सुरक्षा नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एसएई जे२८०७’ या मानकाने मोटारींची ओढण्याची क्षमता मोजण्याच्या पद्धती एकसमान केल्या. पुढच्या आसावरून उतरलेल्या वजनाचा किती हिस्सा परत आणावा, ही भाषा आता रूढ झाली. अनेक वाहनांच्या पुस्तिका आज संपूर्ण नव्हे, तर अंशतःच वजन परत आणण्यास सांगतात.

(२३)
उदाहरणात निम्मेच परत आणले, तर पुढचा आस ६० किलोंनी हलका राहतो, मागच्यावर सुमारे ३३१ आणि ट्रेलरवर २९ किलो वाढतात. मोटार किंचित मागे झुकलेली दिसते. जुन्या पिढीच्या ट्रेलरधारकाला ती चूक वाटली असती. प्रत्यक्षात सुकाणूला पुरेसे वजन मिळालेले असते आणि मागच्या टायरांकडेही धक्का झेलण्याची ताकद शिल्लक असते. डोळ्यांना दिसणारा समतोल आणि बळांचा समतोल एकच असतात असे नाही, हे कळायला काही दशके जावी लागली.

(२४)
दुसरा गैरसमज असा की ही जोडणी ट्रेलरचे हेलकावे थांबवते. उभ्या दिशेचा भार वाटणे हे तिचे मूळ काम. आडव्या झुलण्यावर तिचा इलाज मर्यादित. म्हणून घर्षणाने झुलणे रोखणाऱ्या साधनांची स्वतंत्र जोड देण्यात आली. १९९०च्या दशकात प्रचारात आलेल्या ‘हेन्स्ली’ जोडणीने तर दांड्यांच्या चतुर रचनेतून ट्रेलरचा फिरण्याचा बिंदू जणू मागच्या आसाजवळ सरकवला. कर्टिस यांनी जे मोटार कापून साधले होते, ते येथे भूमितीने साधले. दरम्यान १९७०च्या दशकापासून पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारी फिफ्थ व्हील जोडणी घेऊन कर्टिस यांचा मूळ विचारही परतला होता.

(२५)
युरोपने वेगळी वाट धरली. तिथले कॅरव्हॅन हलके, त्यांच्या दांडीवरील भार अमेरिकी प्रमाणाच्या निम्म्याच्या आसपास आणि वेगाची मर्यादा कडक. जर्मनीत कॅरव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. ठरावीक अटी पूर्ण केल्यास १००. दांडीवरचा भारच कमी असल्याने वजन वाटणाऱ्या जोडणीची तिथे फारशी गरज पडली नाही. कमी भाराने स्थैर्यात येणारी उणीव कमी वेगाने भरून काढली जाते. एकाच प्रश्नावर दोन खंडांची ही दोन उत्तरे.

(२६)
या कथेतील प्रत्येक उपायात वजन तेवढेच राहिले. कडक स्प्रिंगांनी ते दडवले, कर्टिस यांनी ते योग्य जागी ठेवले, दांड्यांनी ते वाटून दिले आणि अतिउत्साहाने ते नको तिथून काढून घेतले. बैलगाडीत चूक झाली तर बैल लगेच मान झटकून सांगतो. मोटार तसे सांगत नाही. सपाट, सरळ रस्त्यावर ती निमूट धावत राहते आणि चूक उघड होते ती थेट वळणावर किंवा उतारावर. म्हणूनच जे काम पूर्वी बैलाची मान करीत असे, ते आता वजनकाट्याने आणि मोजपट्टीने, निघण्यापूर्वीच करावे लागते.